आमचं देऊळ किती जुनं?

मुळशीतल्या कुठल्याही गावात पारावर बसून ग्रामदैवताच्या देवळाचं वय विचारा. भऱ्यात विचारा, घोटावड्यात विचारा, पौडला विचारा. बहुतेक तीनपैकी एक उत्तर येईल: ‘पांडवकालीन आहे’, ‘हेमाडपंती आहे’ किंवा ‘सातशे-आठशे वर्षं तरी झाली असतील’. तेवढ्यात एखादे आजोबा म्हणतील, “अहो, सभामंडप तर माझ्या लग्नाच्या साली झाला.” खरी माहिती बहुधा या शेवटच्या वाक्यात असते.

गडबड उत्तरात कमी आणि प्रश्नात जास्त आहे. देवळाला एकच वय असतं, असं आपण धरून चालतो. आजीची गोधडी कोणत्या सालची, असं कोणी विचारलं तर काय सांगणार? वरचा पदर मावशीच्या लुगड्याचा, आतला थर आजोबांच्या धोतराचा, काठ नव्या साडीचा आणि टाके गेल्या उन्हाळ्यातले. गावचं देऊळ असंच थराथरांनी झालेलं असतं. त्यामुळे वय विचारायचं तर एकेका भागाचं विचारावं लागतं, आणि ते कसं ओळखायचं हे या प्रकरणात पाहू.

हा प्रकार फक्त आपल्याकडचा नाही. इंग्लंडच्या पश्चिमेला वेल्स हा डोंगराळ, पावसाळी प्रदेश आहे. तिथे ब्लॅक माउंटन्सच्या उतारावर पार्ट्रिशो नावाचं एक लहानसं गावचर्च आहे. त्यातलं बाप्तिस्म्याचं दगडी पात्र अकराव्या शतकातलं मानलं जातं. आतला कोरीव लाकडी पडदा साधारण १५०० सालचा, आणि मोठी डागडुजी विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकातली. ‘हे चर्च किती जुनं?’ असं तिथल्या जाणकाराला विचारलं तर तो उलट विचारेल, ‘कुठला भाग?’

१. आधी जागा

देवळातली सगळ्यात जुनी गोष्ट बहुधा बांधलेली नसते. ती म्हणजे जागा.

मावळ-मुळशीच्या पट्ट्यात देवराया अजून शिल्लक आहेत. देवाच्या नावानं राखलेलं रान, ज्यात कुऱ्हाड चालवायची नाही. माधव गाडगीळ आणि वा. द. वर्तक यांनी १९७०च्या दशकात महाराष्ट्रातल्या देवरायांचा अभ्यास केला, तेव्हा हा विषय शास्त्रज्ञांच्या नजरेत आला. अशा राईत पुष्कळदा देऊळ नसतंच. एक तांदळा असतो, म्हणजे न घडवलेला, शेंदूर लावलेला गोल दगड. शेजारी झरा किंवा कुंड असतं. काही देवांना डोक्यावर छप्परच चालत नाही, अशी तिथल्या लोकांची श्रद्धा असते. वाघजाई, काळूबाई, भैरवनाथ, म्हातोबा यांची कित्येक ठाणी आधी अशीच उघड्यावरची असणार. भिंती नंतर आल्या, शिखर त्याच्याही नंतर.

वेल्समध्येही हेच दिसतं. तिथल्या बऱ्याच जुन्या चर्चचं आवार गोलसर असतं. आधी संतपुरुषासाठी किंवा दफनासाठी कुंपण घातलेली जागा होती, चर्च मागाहून आलं. आवारात ‘यू’ नावाचे सूचिपर्णी वृक्ष असतात आणि त्यातले काही चर्चच्या इमारतीपेक्षा जुने मानले जातात. पार्ट्रिशोच्या चर्चखाली ओढ्याजवळ पवित्र मानलेला झरा आहे. तिथला संत त्या झऱ्यापाशी राहत होता, अशी कथा सांगतात.

म्हणून देवळाला प्रदक्षिणा घालण्याआधी आवाराभोवती एक चक्कर मारा. मोठी झाडं कोणती, पाणी कुठे, जुनी वाट कुठून येते, हे पाहून ठेवा. तांदळ्याचं वय दगडाकडे बघून सांगता येत नाही. पण गाभाऱ्यात तांदळा आणि बाहेर घडीव मूर्ती असेल, तर देव देवळाहून जुना असण्याची शक्यता बरीच वाढते.

२. गाभारा, आणि हेमाडपंती या शिक्क्याचं काय करायचं

आता दगडाकडे. आपल्या पायाखाली बेसाल्ट आहे, ज्याला आपण काळा पाषाण म्हणतो. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हाचे थरावर थर पसरून तो झाला. घट्ट, जड आणि छिन्नीला दाद न देणारा. कर्नाटकातल्या होयसळ देवळांचा दगड खाणीतून निघताना मऊ असतो, म्हणून तिथे सोन्यावर करावी तशी नाजूक कलाकुसर दिसते. आपल्याकडच्या पाथरवटाला ती चैन नव्हती.

दगडी गाभारा नेहमी लहान का असतो? याचं उत्तर तुळईत आहे. समजा, एक दगडी तुळई अडीच मीटर लांब, ४० सेंटीमीटर रुंद आणि तेवढीच जाड आहे. तिचं घनफळ ०.४ घनमीटर होतं. बेसाल्टचा एक घनमीटर साधारण २,९०० किलो भरतो, म्हणजे ही एक तुळई ११६० किलोची झाली, सिमेंटच्या तेवीस गोण्यांएवढी. ती वर चढवायची ती उतार रचून, ओंडक्यांवरून सरकवत. बरं, एवढं करून लांबी दुप्पट केली तर? जाडी तीच ठेवली, तर स्वतःच्या वजनानं मधोमध येणारा वाकवणारा ताण चौपट होतो. दगड दाबाला खंबीर, पण ताणला की तडकतो. त्यामुळे खांब जवळजवळ उभे करावे लागतात आणि गाभारा माणूस-दोन माणसांपुरताच राहतो.

मग छत कसं घालायचं? चौकोनाच्या चारही कोपऱ्यांवर एकेक तिरका दगड टाकायचा. आत उरतो तो नवा चौकोन, पण तिरपा फिरलेला. तिरके दगड बाजूंच्या मध्यांना जोडून बसवले, तर उघड्या तोंडाचं क्षेत्रफळ निम्मं होतं. पुन्हा तसंच केलं की पाव, तिसऱ्या थराला एक अष्टमांश. वर एक शिळा ठेवली की छत पुरं. चुना नाही, कमान नाही. पुढच्या वेळी गाभाऱ्यात गेल्यावर मान वर करून पाहा. रंगाच्या थरांखाली हे फिरते चौकोन पुष्कळदा ओळखू येतात.

असं चुन्याशिवाय, खाचा आणि कुसवं जुळवून रचलेलं दगडी काम दिसलं की आपण त्याला हेमाडपंती म्हणतो. हेमाद्री ऊर्फ हेमाडपंत हा देवगिरीच्या यादवांचा, महादेव आणि रामचंद्र या राजांच्या काळातला मंत्री, म्हणजे तेराव्या शतकाच्या उत्तरार्धातला. पण अंबरनाथचं शिवमंदिर शके ९८२ चं, म्हणजे १०६० सालचं आहे. ते हेमाडपंताच्या दोनशे वर्षं आधी, याच पद्धतीनं उभं राहिलं. तेव्हा ‘हेमाडपंती’ हे बांधण्याच्या रीतीचं नाव समजावं, सालाचं नव्हे. ही रीत कित्येक शतकं चालली. साधं, नक्षी नसलेलं दगडी काम तर नंतरच्या काळातही होत राहिलं.

काळ ठरवायला मदत होते ती बारकाव्यांची. खांब खाली चौकोनी, मध्ये अष्टकोनी, वर गोल आणि डोक्यावर चारी दिशांना हात काढलेली शिळा असेल, तर यादवकाळाची किंवा त्याआधीची शक्यता धरावी. दाराच्या उंबऱ्यावर कीर्तिमुख आणि चौकटीवर एकाशेजारी एक नक्षीच्या पट्ट्या, हीसुद्धा जुनी खूण. पण एक खबरदारी घ्या. खांब जुना म्हणून भिंतही जुनीच, असं होत नाही. पडलेल्या देवळाचे दगड नव्या देवळात बसवणं ही सर्रास चाललेली गोष्ट होती. खांब उलटा बसवलेला असेल, नक्षी मध्येच तुटून भिंतीत शिरत असेल किंवा दोन शेजारच्या खांबांची उंची जुळत नसून खाली चिपा घातलेल्या असतील, तर तो माल दुसरीकडून आलेला आहे.

३. सभामंडप कोणाचा?

गाभाऱ्यातून बाहेर आलं की एकदम वेगळ्या काळात पाऊल पडतं. दगड संपतो आणि लाकूड सुरू होतं, किंवा आता लोखंड आणि काँक्रीट.

याचं एक कारण सरळ आहे. भजनाला, कीर्तनाला, गावकीच्या बैठकीला आणि मुक्कामाला येणाऱ्या वाटसरूला जागा हवी, आणि दगडी तुळई तेवढी जागा देत नाही हे आपण पाहिलं. सागाची तुळई देते. गावातल्या सुतारानं घर बांधावं तसा सभामंडप बांधला: खांब, त्यावर तुळया, मधोमध आढं, दोन्ही बाजूंना वासे, रीपा आणि वर कौलं. मोजमापही घराचंच, खणांत. दोन खांबांमधली जागा एक खण. पाच खणी सभामंडप म्हणजे लांबीत अशा पाच जागा. मुळशीचा पश्चिम भाग, ताम्हिणीकडचा, धो-धो पावसाचा, म्हणून उताराची छपरं आणि पुढे काढलेल्या पागोळ्या. पूर्वेकडे भऱ्याच्या बाजूला पाऊस कमी होत जातो, पण रीत तीच.

दुसरं कारण मला जास्त महत्त्वाचं वाटतं. गाभारा आणि सभामंडप यांचे धनी वेगळे असतात. गाभाऱ्यात वावर गुरवाचा. पूजाअर्चा त्याची आणि त्यासाठी पूर्वी इनाम जमीन असे. सभामंडप मात्र गावाचा, वर्गणीतून उभा राहिलेला आणि वर्गणीतूनच दुरुस्त होणारा. मध्ययुगीन इंग्लंड-वेल्सच्या गावचर्चमध्येही अशीच वाटणी होती. वेदीकडच्या भागाची डागडुजी धर्मगुरूच्या बाजूकडे, लोक बसतात त्या भागाची गावकऱ्यांकडे. दोघांच्या मध्ये पार्ट्रिशोसारखा कोरीव लाकडी पडदा. दोन खिसे म्हटल्यावर दोन भागांची वयं वेगळी होणारच. गावाकडे पैसा आला की लोकांचा भाग बदलतो, देवाचा भाग तसाच राहतो.

सभामंडपाचं वय काढायला कौलांची फार मदत होते. अर्धगोल नळीची कौलं गावचा कुंभार करायचा, त्यांना साल सांगता येत नाही. दर पावसाळ्याआधी ती परतावी लागत. सपाट, खाचेत खाच बसणारी मंगलोरी कौलं मात्र इतिहास घेऊन येतात. या कौलांचा पहिला कारखाना बासेल मिशननं मंगळूरला १८६५ साली काढला. म्हणजे मंगलोरी कौलांचं छप्पर त्याआधीचं असूच शकत नाही. एखादं कौल उतरवून पालथं केलं तर कारखान्याचं नाव उमटलेलं सापडतं.

लाकडी खांब सुरूच्या झाडासारखे खाली फुगीर, वर निमुळते असतील आणि मध्ये महिरपी असतील तर ती पेशवाईतली फॅशन. पण फॅशन गावात उशिरा येते आणि उशिरा जाते. पेशवाई १८१८ ला संपली तरी सुतारांचे हात त्याच वळणानं चालत राहिले. तेव्हा अशा खांबांवरून ‘पेशवाईतलं किंवा नंतरचं’ एवढंच म्हणावं.

४. शिखर

शिखराबद्दल थोडक्यात सांगतो, कारण नियम सोपा आहे: सगळ्यात आधी तेच पडतं. वीज पडते, पिंपळ रुजतो, सांधे उकलतात. त्यामुळे खालचा गाभारा यादवकाळातला आणि वरचं शिखर विटा-चुन्याचं, मराठा काळातलं, ही जोडी पुणे जिल्ह्यात वारंवार भेटते. यवतजवळचं भुलेश्वर हे त्याचं ठसठशीत उदाहरण. आत तेराव्या शतकाच्या सुमाराची अप्रतिम दगडी शिल्पं आणि वर मराठा काळातलं विटा-चुन्याचं काम. गावच्या शिखरावर कोनाडे आणि त्यात चुन्यात केलेल्या दशावतारांच्या किंवा संतांच्या मूर्ती असतील, तर ते अठराव्या शतकातलं किंवा त्यानंतरचं समजायला हरकत नाही. कोनाड्यात पुढाऱ्यांच्याही मूर्ती दिसू लागल्या की साल शोधायची गरज पडत नाही.

५. आवारातले दगड काय सांगतात

देवळासमोर ओळीनं उभे केलेले कोरीव दगड म्हणजे बहुधा वीरगळ. ते खालून वर वाचायचे. सगळ्यात खाली लढाई किंवा पडलेला वीर, त्याच्या वर अप्सरा त्याला नेताना, त्याच्या वर तो शिवलिंगाची पूजा करताना आणि माथ्यावर चंद्र-सूर्य. चंद्र-सूर्य असेपर्यंत याची कीर्ती राहो, असा त्याचा अर्थ. खालच्या चौकटीत गाई असतील तर गुरं पळवणाऱ्यांशी झुंजताना तो वीर पडला. या दगडांवर नाव क्वचितच असतं. पण गाव तेव्हा नांदतं होतं, गुरंढोरं बाळगून होतं आणि त्यासाठी मरणारी माणसं तिथे होती, हे त्यातून कळतं. देवळाचं वय मात्र वीरगळावरून ठरवू नये. शेतात सापडलेले वीरगळ देवळात आणून ठेवायची चाल आहे.

हलवता येणारी प्रत्येक वस्तू अशीच फसवू शकते. वाईजवळच्या मेणवलीत नाना फडणविसांच्या वाड्यामागे, कृष्णेच्या घाटावर एक मोठी घंटा टांगलेली आहे. तिच्यावर येशूबाळाला घेतलेली मारियामाता आणि १७०७ हे साल आहे. ती मुळात चर्चसाठी ओतलेली पोर्तुगीज घंटा. चिमाजी आप्पांच्या १७३९च्या वसई मोहिमेनंतर ती घाटावर आली. मेणवलीचा वाडा आणि घाट नानांच्या काळातले, म्हणजे घंटेहून पुष्कळ नंतरचे. केवळ घंटेवरचं साल वाचून कोणी देवळाचं वय सांगितलं, तर काय होईल ते दिसतंच आहे. भीमाशंकरलाही अशीच एक घंटा आहे.

शिलालेख असेल तर काम पुढे सरकतं. मराठा काळातले लेख बहुधा देवनागरीत, दारावर किंवा दीपमाळेच्या चौथऱ्यावर असतात आणि शक सांगतात. शकात ७८ मिळवले की इसवी सन येतो. तिथी पौष-माघ-फाल्गुनातली असेल तर कधी ७९. आता एक गंमत पाहू. समजा, लेख झिजलाय आणि ‘शके १६_२ विकृती नाम संवत्सरे’ एवढंच वाचता येतं. तिसरा आकडा गेला. पण संवत्सरांची नावं साठ आहेत आणि ती क्रमानं फिरतात. शकात १२ मिळवून साठनं भागायचं. बाकी उरते तो संवत्सराचा क्रमांक. विकृती हे चोविसावं नाव. आता १६०२ पासून १६९२ पर्यंत दहाही शक्यता तपासा. १६०२ ला बाकी ५४, १६१२ ला ४, १६२२ ला १४, १६३२ ला २४. हे जुळलं. पुढे पाहत गेलात तर १६९२ लाही २४ येते. म्हणजे दहातून दोनच उरले: इसवी सन १७१० किंवा १७७०.

या दोनांतून एक निवडायला लेखाखालचं बांधकाम पाहायचं. लेखात एखाद्या सरदाराचं किंवा पाटलाचं नाव असेल तर त्याचे कागद शोधायचे. पुण्याच्या पेशवे दप्तरात आणि भारत इतिहास संशोधक मंडळात असल्या कामाला उपयोगी पडणारे कागद भरपूर आहेत. आणि हो, लेखात ‘जीर्णोद्धार’ हा शब्द आहे का, ते आधी बघा. असेल तर साल दुरुस्तीचं आहे. देऊळ तेव्हाच जुनं होतं.

६. स्लॅब, ऑइलपेंट आणि १८७७

पिरंगुटला कारखाने आले, हिंजवडीला आयटी आली, जमिनींचे भाव चढले. मुळशीतल्या गावांच्या हातात पैसा आला आणि जुन्या रिवाजानं त्यातला काही देवाला गेला. सागाचे वासे आणि कौलं उतरली, स्लॅब पडला, फरशी बसली, दगडी गाभाऱ्याला ऑइलपेंट लागला. शहरातून येणारे हळहळतात. मला ती हळहळ पूर्ण पटत नाही. दर पावसाळ्यात गळणारं छप्पर शाकारायला आता ना कुंभार आहे, ना वर चढायला माणूस, आणि सागाचा भाव विचारायची सोय नाही. सभामंडप हा गावाचा भाग; तो प्रत्येक पिढीनं बदललेला आहे.

गाभाऱ्याचं मात्र तसं नाही. दगडाच्या सांध्यांत सिमेंट भरलं की आतली ओल बाहेर पडायची वाट बंद होते; चुना ती वाट मोकळी ठेवतो. ऑइलपेंटचे थर नक्षीचे काठ बुजवतात. मग कोणीतरी ‘मूळ रूप’ आणायचं ठरवतं आणि यंत्रानं वाळूचा मारा करून रंग काढतं. रंगाबरोबर छिन्नीच्या खुणाही जातात, आणि त्या खुणा म्हणजे काळ ओळखायचं एक साधन.

एकोणिसाव्या शतकात ब्रिटनमधल्या गावचर्चांवर हेच संकट आलं होतं. हातात पैसा, मनात भक्ती आणि ‘मूळ मध्ययुगीन रूप’ आणायची हौस. चर्चांचे जुने गिलावे खरवडले गेले, नंतरच्या काळातलं लाकूडकाम बाहेर फेकलं गेलं. कवी आणि कारागीर विल्यम मॉरिस यानं वैतागून १८७७ साली लंडनमध्ये जुन्या इमारतींच्या रक्षणासाठी संस्था काढली. तिचं म्हणणं साधं होतं: वेळच्या वेळी छोटी डागडुजी करा, म्हणजे मोठ्या जीर्णोद्धाराची पाळी येणार नाही. खरवडण्याला विरोध म्हणून तिला टोपणनावच पडलं, ‘खरवड-विरोधी मंडळी’. पार्ट्रिशोसारखी आडबाजूची चर्चं त्या हौसेतून बरीचशी वाचली.

आपल्याकडे पुरातत्त्व खात्याच्या यादीतल्या स्मारकांना हात लावायला परवानगी लागते; केंद्राचा कायदा १९५८ चा, राज्याचा १९६० चा. पण गावोगावची बहुतेक देवळं कुठल्याच यादीत नाहीत. तिथे निर्णय मंदिर समितीचा आणि वर्गणीदारांचा. म्हणून काम ठेकेदाराच्या हाती देण्याआधी समितीनं एक सकाळ काढावी. चारी भिंतींचे, छताचे आणि प्रत्येक खांबाचे फोटो बाजूला मोजपट्टी धरून काढावेत. उतरवलेल्या कौलांपैकी आणि विटांपैकी दोन-चार नमुने तारीख लिहून ठेवावेत. लेखावर रंग असेल तर तो वायरब्रशनं घासू नये. सकाळच्या तिरक्या उन्हात फोटो काढला तर झिजलेली अक्षरंही उमटून दिसतात. शेवटचं म्हणजे आवारात पडलेले पायरीचे, पाराचे, धुणं धुवायचे सगळे जुने चिरे भरावात टाकण्याआधी एकदा पालथे करून बघावेत. नक्षीची बाजू पुष्कळदा खाली असते.